सरपणातला रोलीफ्लेक्स

१

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी वारूळवाडीच्या वस्तीत, यशोधराच्या घरामागं रचलेल्या सरपणातून स्टुडिओवाल्या भगवंतअण्णांचा रोलीफ्लेक्स कॅमेरा निघाला. साल १९९८.

अण्णांना मोतीबिंदू, म्हणून त्यांचा हात धरून मी तिथं गेलो होतो. त्यांचा पुतण्या भरत आणि नारायणगावातली माणसं आधीच घरात घुसली होती. पेट्या उपसल्या, गाद्या झटकल्या, बुद्धाच्या तसबिरीमागंसुद्धा हात घालून पाहिलं. काही सापडलं नाही. माणसं ओशाळून निघायच्या बेतात होती. अण्णा म्हणाले, "भरत, मागची बाजू राहिली बघ." भरत मागं गेला आणि थोड्या वेळानं गोणपाटात गुंडाळलेलं चामडी खोकं डोक्यावर नाचवत आला.

"बघा राव! आमी म्हनत व्हतो का न्हाई?"

यशोधरा आदल्याच दिवशी नागपूरहून परतली होती. तिची आई अंगणभर फेकलेली लाकडं उचलायला लागली. एकाही माणसानं वाकून एक ढलपी उचलली नाही. मीसुद्धा नाही, माझ्या हातात अण्णांचा हात होता.

अण्णा पुढं झाले. काळा चष्मा, पांढरंशुभ्र धोतर. म्हणाले, "पोलिसात जायचं नाही. पोरीची जात आहे, चुकली. मी माफ केलं."

"देवमाणूस," कुणीतरी म्हणालं.

तेव्हा यशोधरानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "मी घेतलाच नाही, तर माफ कशाबद्दल करता अण्णा?"

सगळे चहाला गेले.

२

मी गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी दुपारी तिथंच बसतो, कारण दुसरीकडं कुठं बसायचं ते मला समजत नाही. सोमवारी यशोधरा तिथं आली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"काका, तुम्ही एवढ्या रहस्यकथा वाचता. हे शोधून काढा."

"अगं, मी वाचतो खरा. पण मला कधीच खुनी ओळखता येत नाही. शेवटचं प्रकरण आधी वाचून घेतो."

"मग या वेळी आधी वाचायला काही नाही," ती म्हणाली आणि बसली.

तिनं सांगितलं ते मला बरंचसं ठाऊक होतं. बारावीनंतर ती अण्णांच्या स्टुडिओत लागली. डार्करूम शिकली, रिटचिंग शिकली, आणि अण्णांची नजर गेल्यावर स्टुडिओ तिच्याच डोळ्यांवर चालायला लागला. गणपतीत मंडळाच्या सत्कारात अण्णांनी माईकवरून जाहीर केलं होतं, "माझा रोलीफ्लेक्स दसऱ्याला मी यशोधराला देणार. माझ्यामागं तोच हात त्याला शोभेल." टाळ्या पडल्या होत्या. भरत टाळ्या वाजवत नव्हता, ते मी पाहिलं होतं.

अष्टमीला संध्याकाळी तिनं स्टुडिओ झाडून घेतला, किल्ली अण्णांकडं दिली आणि घरी गेली. वस्तीतला ट्रक त्याच संध्याकाळी नागपूरला निघाला. धम्मदीक्षेच्या सोहळ्याला दरवर्षी सगळी वस्ती जाते. ती गेली, आणि मागं काचेचं कपाट रिकामं निघालं.

"तुला काय होईल याची भीती वाटते?" मी विचारलं. मूर्ख प्रश्न होता.

"काका, लग्नघरात फोटोवाली थेट आतल्या खोलीत जाते. नवरीचं सोनं खाटेवर पसरलेलं असतं. तिथं चोराला कोण शिरू देईल? अवसरी बुद्रुकच्या चिमाबाईंनी मुलीच्या लग्नाचं काम मला सांगितलं होतं. आज सकाळी निरोप आला, नको म्हणून. घोडेगावलाही कळलंय. आपल्या नि शेजारच्या, दोन्ही तालुक्यांत माझं काम संपलं. अण्णांनी माफ केलं ना, म्हणजे चोरी पक्की झाली."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात घुसलं. पोलीस आले असते तर निदान चौकशी झाली असती. माफीला चौकशी लागत नाही. मला एकदम संताप आला आणि संतापात मी हो म्हणून बसलो.

३

मी आयुष्यात एकही फोटो काढलेला नाही. पण रोलीफ्लेक्सबद्दल मी मिळेल ते वाचलंय. १९२९ साली जर्मनीत ब्राउनश्वाइग गावी तो पहिल्यांदा बाजारात आला. त्याआधी धंदेवाईक फोटोग्राफर म्हणजे लाकडी खोकं, तिकाटणं आणि डोक्यावर काळं कापड. या कॅमेऱ्यानं त्याला रस्त्यावर मोकळं फिरवलं. एकावर एक दोन भिंगं, वरचं बघायला आणि खालचं फोटो घ्यायला. वरचं झाकण उघडायचं, कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून दुधी काचेत बघायचं. चित्र चौकोनी, आणि डावं उजवीकडं दिसणारं. वर्तमानपत्रवाल्यांनी लढायासुद्धा त्यात टिपल्या. समोरच्यावर डोळा न रोखता, मान झुकवून फोटो काढायचा, म्हणून लाजाळू माणसंही त्याच्यासमोर मोकळी व्हायची. मला त्याचं हेच आवडायचं.

अण्णांनी तो तरुणपणी मुंबईतल्या एका वार्ताहराकडून घेतला होता. तालुक्यातल्या निम्म्या घरांतली लग्नं त्या दुधी काचेतून गेली होती.

मंगळवारी मी स्टुडिओत गेलो. अण्णा घरी जेवायला गेले होते. भरत गल्ल्यावर बसला होता. कॅमेरा परत कपाटात ठेवलेला.

"बघू का जरा?"

"बघा की. तुमी काय फोटू काढनार हाय व्हय?" भरत हसला. "पडू देऊ नका म्हंजी झालं."

मी खोक्याची बटणं काढली. कॅमेरा स्वच्छ होता. श्रावणात यशोधरानंच तो मुंबईला कारागिराकडं नेऊन आणला होता. दुधी काच काढून धुतलेली, वरचं कातडं नवं कोरं. त्यानंतर दसऱ्याला द्यायचा म्हणून अण्णांनी त्याला कपाटाबाहेर काढूच दिलं नव्हतं. गणपतीतसुद्धा नाही.

मी वरचं झाकण उघडलं आणि मान खाली घातली. काचेत उलटा रस्ता दिसला, उलटी एसटी गेली. आणि एसटीच्या छपरावर लाल ठिपके होते.

एसटी गेली. ठिपके तिथंच राहिले.

मी चष्मा पुसला, परत पाहिलं. ठिपके काचेवर होते. एका कोपऱ्यात पिवळा डाग, आणि झाकणाच्या बिजागरीत अडकलेला लालसर तांदळाचा एक तुकडा.

हळद, कुंकू, अक्षता.

४

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा होते. शेतकरी नांगराची करतो, सुतार रंध्याची, आणि फोटोवाला कॅमेऱ्याची. त्या दिवशी स्टुडिओत सगळ्या यंत्रांची पूजा झाली होती, आणि रोलीफ्लेक्सची जागा रिकामी आहे म्हणून गावभर हळहळ झाली होती. मग याची पूजा कुठं झाली?

मुंबईहून आला तेव्हा काच धुतलेली होती. तेव्हा हे कुंकू याच नवमीचं. नवमीला यशोधरा नागपूरच्या वाटेवर ट्रकमध्ये होती. जवळजवळ सगळी वस्ती तिच्याबरोबर होती. आणि ती घरी असती तरी? त्यांच्या घरात हळदकुंकवाचा करंडाच नाही.

म्हणजे नवमीला कॅमेरा अशा माणसाकडं होता, ज्यानं तो चोरून लपवला, पण त्या दिवशी त्याला पूजेवाचून ठेवणं त्याच्या हातून होईना.

मला माझ्याच तर्काची धास्ती वाटली. एवढं सरळ कसं असेल? पण राग होता, म्हणून मी भरतला विचारलं.

"काय रे, पूजेत कॅमेऱ्यावर कुंकू कुठं लावता?"

"झाकनावर. बंद करून. हा बघा की." त्यानं स्वतःचा जपानी कॅमेरा पुढं केला. बंद झाकणावर कुंकवाचं वाळलेलं बोट होतं. "उघडं ठिवलं की आत जातंय सगळं. काका ऐकत न्हाईत. त्यांचं म्हननं, डोळा मिटल्याली पूजा कशाची? दरसाली भांडान व्हतंय."

"मग रोलीफ्लेक्सची पूजा कोण करायचं?"

"ते काकाच. मला हात लावू देत्यात व्हय? मी सख्खा पुतन्या, अन् त्यांना ती पोरगी जवळची!" तो लाल झाला. "तुमाला वाटतंय मी ठिवला तिच्या घरी. माझ्याकडं बघताय तसं. ठिवला आसता तर दुसरीकडं ठिवला आसता, गावाला सापडायच्या आधी चार ठिकानी इकला आसता!"

त्याचा राग खरा वाटला. पण मला तर कादंबरीतलेही राग खरेच वाटतात.

दुसरा संशय गेणभाऊवर होता. गेणभाऊ लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा आणि यशोधरा नवरीला खिडकीच्या उजेडात बसवते म्हणून चिडायचा, त्याचे हजार वॅटचे दिवे फुकट जायचे. संध्याकाळी आणून देतो असं भरतला सांगून मी कॅमेरा पिशवीत घातला आणि त्याच्या दुकानी गेलो.

"गेणभाऊ, हे झाकण उघडत नाही. बघता?"

त्यानं तो उलटा धरला, सुलटा धरला, समोरच्या भिंगाचा पत्रा नखानं ओढला. "च्यायला, ह्येला बटन कुठंय?"

"तुम्ही नवमीला तुमच्या कॅमेऱ्याची पूजा करता ना?"

"करतो की. खोक्यासकट. खोकं उघडलं की धूळ बसती, अन् धूळ बसली की हेड जातंय." त्यानं कॅमेरा परत दिला. "ह्ये असलं जुनं धूड पोरीनं कशाला चोरलं आसंल? माझ्या दुकानातनं काय न्यायचं तरी."

म्हणजे गेणभाऊनं पूजा केली असती तर झाकण उघडलं नसतं, आणि भरतनं मुद्दाम बंद ठेवलं असतं. झाकण उघडून, काचेवर कुंकू सांडू देऊन पूजा करणारा माणूस सगळ्या नारायणगावात एकच होता.

मी गेणभाऊच्या पायरीवर बसलो. त्यानं पाणी दिलं, ते तसंच ठेवून मी उठलो.

५

मला ते खोटं ठरायला हवं होतं. म्हणून मी अण्णांच्या घरी गेलो. अण्णा झोपले होते. अंजनावहिनी परसात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"नवमीला पूजा कशी झाली वहिनी? कॅमेरा नव्हता, अण्णांना वाईट वाटलं असेल."

"लई वाईट वाटलं हो. स्टुडिओतनं आले ते देवघरात दार लावून बसले. नैवेद्य आत मागून घेतला. मी म्हनलं, कुनाची एवढी पूजा चाललीय? तर माझ्यावर वरडले." त्यांनी शेंगेचं फोल वाऱ्यावर सोडलं. "डोळं गेल्यापासनं चिडत्यात."

"आणि दसऱ्याला? सोनं वाटायला गेले असतील."

"गेले की. एकटेच. एवढी मोठी पिशवी आपट्याची. मी म्हनलं भरतला न्या, तर नको, वाट पायाखालची हाय म्हनले."

उठताना मला त्यांच्याकडं बघवलं नाही. तिथून मी वारूळवाडीला चालत गेलो. वस्तीतली सखूबाई गुडघ्यांमुळं नागपूरला गेली नव्हती. ती दारात बाजेवर होती.

"सखूबाई, दसऱ्याला इकडं कोण आलं होतं?"

"त्ये तुमचं काळ्या चष्म्याचं फोटूवाले आलं व्हतं, पिशवी घिऊन. मी म्हनलं, सोनं द्यायला आलं का काय! मग माझं मलाच हसू आलं. आमच्या दाराला कोन सोनं द्यायला येतंय?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "यशोधराच्या घरामागं गेलं अन् आलं. म्हनलं म्हातारं मानूस, लागली आसंल."

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"इचारलं कुनी?"

कुणीच विचारलं नव्हतं. सगळे तिच्या बाजेला वळसा घालून आत घुसले होते. मीही.

६

संध्याकाळी मी यशोधराला बरोबर घेऊन स्टुडिओत गेलो. तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आधी तुम्ही बोला. मी पायरीवर थांबते. मी आधी बोलले तर माझ्या तोंडून काय निघेल ते मला माहीत नाही."

अण्णा एकटेच होते. मी कॅमेरा त्यांच्यापुढं ठेवला, झाकण उघडलं.

"काचेवर कुंकू आहे अण्णा."

"असेल. दरसाली असतं."

"काच श्रावणात धुतली होती."

मी बोलत गेलो. मध्येच वाक्य हरवत होतं, तरी बिजागरीतला तांदूळ, देवघराचं दार, आपट्याची पिशवी, सखूबाई, सगळं सांगितलं. "बाहेरून तुम्ही कॅमेरा नीट पुसला, हातानं चाचपून. काचेवरचं तुम्हाला दिसलं नाही. भरतला दिसलं असतं, त्यानं फुंकर मारली असती. आणि रविवारी माणसं परत निघाली होती अण्णा. मागची बाजू राहिली, हे तुम्ही सांगितलंत."

अण्णांनी चष्मा काढला. डोळे पांढुरके झाले होते.

"हळू बोल सावळेराम. रस्त्यावर ऐकू जातंय."

तोवर मला वाटत होतं की ते नाही म्हणतील. नाही म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता, इतका मी कच्चा आहे.

"का?"

"भाऊकी घरात येऊन बसली होती. घरातली लक्ष्मी त्या वस्तीत देणार का, म्हणून. भरतचा बाप दोन दिवस जेवला नाही. आणि माईकवर बोललेला शब्द मागं कसा घेऊ? लोक म्हणाले असते, भगवंत शब्दाला जागला नाही."

"म्हणून तिला चोर केलं."

"मी तिला पोलिसात दिलं नाही. सांभाळून घेतलं. लोक विसरतात रे. हुशार आहे, पुण्यात जाईल, काम मिळेल."

मी चाळीस वर्षं या माणसाच्या शेजारी बसून चहा प्यालो होतो. त्यानं पोरीचं नाव घालवून स्वतःचा शब्द राखला, वर देवमाणूस म्हणवून घेतलं, आणि ज्या हातानं हे केलं त्याच हातानं कॅमेऱ्याला नैवेद्य दाखवला. यंत्राची पूजा चुकू दिली नाही. माणूस सरपणात टाकलं तरी चाललं! मला हे त्यांना तोंडावर सांगायचं होतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "लाज वाटत नाही?"

"वाटते," अण्णा म्हणाले. "कॅमेरा घेऊन जाऊ दे तिला. गुपचूप. कुणाला सांगू नका, एवढं कर."

दारातून आवाज आला. "गुपचूप नाही."

यशोधरा आत आली. "रिक्षा थांबवलीय अण्णा. चला."

"कुठं?"

"जिथं मला माफ केलं, तिथं."

"माझे गुडघे..."

"दसऱ्याला चालत आला होतात."

७

तिनं आधीच निरोप धाडले होते. अंगणात भरत होता, गेणभाऊ होता, रविवारची बहुतेक माणसं होती. काहीतरी बघायला मिळेल म्हणून आली होती. सरपण नीट रचलेलं होतं. तिची आई दारात उभी होती, सखूबाई बाजेवर.

अण्णा मधे उभे राहिले. या वेळी मी त्यांचा हात धरला नाही.

"माझ्याकडून चूक झाली," ते म्हणाले.

"चूक नाही," यशोधरा म्हणाली. "काय केलं ते सांगा. मागं ऐकू जाईल असं."

मग त्यांनी सांगितलं. कॅमेरा मीच कपाटातून काढला. मीच इथं आणून ठेवला. तिला ठाऊक नव्हतं. आवाज बसत होता, ती प्रत्येक वेळी "मोठ्यानं" म्हणत होती, आणि ते परत सांगत होते. भरतचं तोंड उघडं पडलं होतं. शेवटी तो पुटपुटला, "काका, मला तरी सांगायचं. मी पोरीच्या अंथरुनापातूर हात घातला की वो." आणि खाली बघत बाहेर निघून गेला.

गेणभाऊ पुढं आला. "जाऊ द्या आता यशोधरा. म्हातारं मानूस हाय. झालं गेलं..."

"गप बसा!" मी ओरडलो. एवढ्या मोठ्यानं मी यापूर्वी कधी बोललो नव्हतो. वाचनालयातला माणूस मी. सगळ्यांनी वळून पाहिलं आणि मला कुठं बघावं ते कळेना. "रविवारी कुणी म्हणालं का, जाऊ द्या, पोर आहे? आता बरं सुचतंय!"

गेणभाऊ मागं सरला.

"अवसरीला निरोप कोण नेणार?" यशोधरानं विचारलं. "चिमाबाईंना? घोडेगावला?"

मग गेणभाऊच म्हणाला, "उद्या अवसरीत माझी शूटिंग हाय. सांगतो."

"नुसतं यशोधरा चोर नाही, असं सांगू नका. चोर कोण, ते नावानं सांगा."

त्यानं अण्णांकडं पाहिलं, मग मान हलवली.

अण्णांनी कॅमेरा दोन्ही हातांनी पुढं केला. मी वाचलेल्या गोष्टींतल्या मुली अशा वेळी वस्तू नाकारतात, मान ताठ करून निघून जातात. हीही तसंच करील असं मला वाटलं, आणि तेवढ्यासाठी माझा जीव कासावीस झाला. तिच्याएवढा तो कॅमेरा दुसऱ्या कुणाला वापरता येत नव्हता.

तिनं तो घेतला. झाकण उघडलं, काच खाली करून फुंकर मारली, ओढणीच्या टोकानं बिजागरी साफ केली. भिंग उजेडाकडं धरून पाहिलं. मग कॅमेऱ्याच्या दोन्ही कडा चाचपल्या.

"पट्टा कुठंय?"

"घरी राहिला असेल," अण्णा म्हणाले.

"तो पण आणून द्या," ती म्हणाली. "उद्या सकाळी. चालत या."